आधी आकड्यांची पाखडणी, मग आकडेमोड

खळ्यावरील धान पाखडल्यावाचून कोणी कोठीत भरीत नाही. प्रयोगातून हाती आलेल्या आकड्यांनाही हाच न्याय लावावयास हवा. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील बांध्यांत वाणांचे, खतांचे व रोवणीचे जे प्रयोग होतात, त्यांच्या सरासरीवरून शिफारस ठरते. ती चुकली, तर नुकसान शेतकऱ्याच्या पदरी पडते.

प्रथम मापे तपासावीत. पाच मीटर लांब व तितक्याच रुंद तुकड्यात ७.५ किलो धान मिळाले, तर हेक्टरी उत्पन्न ३० क्विंटल होते. दशांशचिन्ह राहून ७५ लिहिले गेले, तर तेच ३०० क्विंटल होईल! पायली, कुडव आणि किलो यांची एकाच रकान्यात सरमिसळ करू नये.

त्यानंतर ओलावा पाहावा. वरील धानात २२ टक्के ओलावा असेल, तर १४ टक्के ओलाव्याच्या हिशेबाने त्याचे वजन सुमारे ६.८ किलो, म्हणजे हेक्टरी २७.२ क्विंटलच भरते. एका वाणाचे धान ओले व दुसऱ्याचे सुकलेले तोलले, तर ती तुलनाच नव्हे.

शून्य आणि रिकामी जागा यांत भेद करावा. गादमाशीने एखाद्या वाणास लोंबीच धरू दिली नाही, तर शून्य हे त्या वाणाचे खरे उत्पन्न होय. परंतु रानडुकरांनी तुकडा तुडविला, तर तेथे शून्य लिहू नये. जागा रिकामी ठेवून कारण नोंदवावे.

वेगळा दिसणारा आकडा मात्र घाईने खोडू नये. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली ‘पटेल ३’ धानात तीन निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या फेकल्या नाहीत, की लगेच डोक्यावरही घेतल्या नाहीत. वेगळ्या राखल्या, पुन्हा पुन्हा पेरून पारखल्या. त्यांतूनच ‘एचएमटी’ धान निपजले. आकड्याचीही अशीच पारख मूळ वहीवरून व शेतावर जाऊन करावी. चूक सिद्ध झाली, तरच आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती, तारीख व सही करावी.

पानसे व सुखात्मे यांनी शेतकी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील रीती उत्तम आहेत. परंतु बांधीवर चुकलेले वजन कोणतीही रीत खरे करू शकत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी वही शेतावरच भरावी, आणि शेतकरी बंधूंनी तराजूजवळ उभे राहून ती वाचून घ्यावी.