तोफगोळ्यांच्या सुऱ्या

मुलांनो, मध्यंतरी चौथीच्या वर्गात सम-विषम संख्या शिकवत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, याचा उपयोग काय हो?" मी एका बेटाची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता सगळा वर्ग गप्प झाला. तीच गोष्ट आज तुम्हांला सांगते.

बेटाचं नाव किनमेन. नकाशात शोधा पाहू! चीनच्या किनाऱ्याला, शियामेन शहरासमोर, अगदी खेटून एक ठिपका दिसेल. पण तिथला कारभार चीनकडे नाही, समुद्रापलीकडच्या तैवानकडे आहे.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी चीनच्या तोफा या बेटावर धडाडू लागल्या. ४४ दिवसांत साडेचार लाखांहून जास्त तोफगोळे पडले! पुढे चीनने एक अजब नियम केला. विषम तारखेला मारा, सम तारखेला विश्रांती! म्हणजे आज सतरा तारीख असेल तर लपा खंदकात आणि उद्या अठराला खुशाल बाजारात जा. नंतरच्या बऱ्याच गोळ्यांत प्रचाराची पत्रकं भरलेली असत. पण डोक्यावर पोलाद पडलं तर माणूस मरणारच ना? हे थांबलं थेट १ जानेवारी १९७९ रोजी.

तुम्ही म्हणाल, एवढं भांडण कशाचं? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

इंग्रज व्यापारी हिंदुस्थानातली अफू चीनमध्ये विकत. माळव्याची अफू तर आपल्या मुंबईहून जहाजांत चढे. चीनने बंदी घातली, तेव्हा इंग्रजांनी युद्ध केलं आणि १८४२ साली हाँगकाँग घेतलं. १८९५ साली जपानने चीनला हरवून तैवान घेतलं. १९३७ साली जपानी सैन्याने नानजिंग शहरात भयंकर कत्तल केली. याच युद्धातल्या जखमींची सेवा करायला आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. या काळाला चिनी लोक 'अपमानाचं शतक' म्हणतात. त्यांचं दुःख खोटं नाही, बरं का!

१९४५ साली जपान हरला आणि तैवान चीन सरकारकडे आलं. पण चीनमध्ये आपसांतच लढाई जुंपली. १९४९ साली माओंचा कम्युनिस्ट पक्ष जिंकला आणि हरलेलं चँग कै-शेक यांचं सरकार तैवानला गेलं. किनमेन मात्र त्यांनी हातचं सोडलं नाही. चीन म्हणतो, तैवान आमचंच आहे. तैवानच्या सव्वादोन कोटींहून अधिक लोकांचं काय? १९९६ पासून ते आपला राष्ट्राध्यक्ष स्वतः मत देऊन निवडतात. आहे तसंच चालू राहावं, असं त्यांतल्या बहुतेकांना वाटतं.

चीनच्या शाळांत १९९० नंतर देशभक्तीच्या शिक्षणावर फार भर दिला गेला. २०२४ पासून तर त्याचा कायदाच लागू झाला आहे. देशप्रेम शिकवणं वाईट नाही. आपणही रोज प्रतिज्ञा म्हणतोच की! पण खपली रोज काढली तर जखम भरेल कशी? २०१२ साली काही निर्जन बेटांवरून चीन-जपान वाद पेटला. चीनच्या शहरांत संतापलेल्या जमावाने जपानी बनावटीच्या मोटारी फोडल्या. त्या मोटारी होत्या कुणाच्या? चिनी माणसांच्याच! असा राग एकदा पेटवला, की राज्यकर्त्यांनाही माघार घेणं जड जातं.

आणि हे भांडण दोघांपुरतं राहणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या एक मोठ्या नेत्या, नॅन्सी पेलोसी, तैवानला जाऊन आल्या. चिडून चीनने तैवानभोवती क्षेपणास्त्रं सोडली. त्यांतली काही जपानच्या हक्काच्या सागरी क्षेत्रात पडली. जपानचं योनागुनी बेट तैवानपासून जेमतेम ११० किलोमीटरवर आहे. जपानमध्ये अमेरिकेचं सैन्य आहे. जगातल्या सर्वांत प्रगत चिप्सपैकी बहुतेक तैवानमध्ये बनतात. म्हणजे ठिणगी तिकडे पडली, तरी झळ आपल्या घरातल्या मोबाईलपर्यंत येणार.

मग किनमेनचं पुढे काय झालं? तिथल्या लोहारांनी शेतांत पडलेले तोफगोळे गोळा केले आणि त्यांच्या पोलादापासून स्वयंपाकाच्या सुऱ्या घडवल्या. त्या सुऱ्या आजही प्रसिद्ध आहेत. २००१ साली शियामेन आणि किनमेनमध्ये प्रवासी बोटी सुरू झाल्या. बेटावर पाण्याची टंचाई. म्हणून २०१८ पासून समुद्राखालच्या नळाने पाणी येतं. कुठून? चीनमधून! जिथून गोळे आले, तिथूनच पाणी. पण भांडण अजून मिटलेलं नाही. चीनने २००५ साली केलेल्या कायद्यात, वेळ पडली तर तैवानवर बळ वापरण्याची तरतूद आहे.

गोष्ट संपली तेव्हा मागच्या बाकावरचा तो मुलगा हळूच म्हणाला, "बाई, आज तारीख किती?" मी फळ्याकडे पाहिलं. "बारा." "म्हणजे सम!" असं म्हणून त्याने सुटकेचा श्वास टाकला. सगळा वर्ग हसला. मीही हसले.

मुलांनो, आपल्या देशावर प्रेम जरूर करा. पण त्यासाठी दुसऱ्याचा द्वेष करावाच लागतो का? आज रात्री जेवताना आई-बाबांना हे नक्की विचारा.