अडतं कुठं?

सकाळी उठावं तर बोटं मिटत नाहीत. दुधाचं पातेलं उतरवायला सांडशी दाबवत नाही, ब्लाउजचे हुक लागत नाहीत. संधिवात झालेल्या बाईचा दिवस असा उजाडतो. डॉक्टर विचारतात, “दुखतं कुठं?” व्यवसायोपचारतज्ज्ञ विचारतात, “अडतं कुठं?”

व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी किंवा ‘ओटी’. या शास्त्राचं नावच घोटाळ्यात पाडतं. ‘ओटी’ म्हटलं की लोकांना शस्त्रक्रियेची खोली आठवते, ‘व्यवसाय’ म्हटलं की नोकरीधंदा. इथं अंघोळ, स्वयंपाक, देवपूजा, सही करणं, ज्यानं माणसाचा दिवस भरतो ते सगळं व्यवसायातच येतं. आपल्याकडे हे शास्त्र रुजवलं कमला निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लुंडी; लग्नानंतर इथल्या झाल्या. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. १९५२ मध्ये या क्षेत्राची जागतिक संघटना उभी राहिली, तेव्हा संस्थापक देशांत भारतही होता.

संधिवातासाठीचं मुख्य सूत्र सोपं आहे: लहान सांध्याचा भार मोठ्या सांध्यावर टाकायचा. पिशवी बोटांत लटकवण्याऐवजी खांद्याला. बरणीचं झाकण बोटांच्या चिमटीऐवजी तळव्यानं दाबून फिरवायचं. ओला कपडा नळाला अडकवून पिळायचा. उलथण्याच्या दांडीला फोम गुंडाळून ती जाड केली, की मूठ तेवढी आवळावी लागत नाही.

हाताची खरी कारागिरी दिसते स्प्लिंटमध्ये, म्हणजे सांध्याला आधार देणाऱ्या साच्यात. थर्मोप्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ पडतो. तो रुग्णाच्या हातावरच बेतून बसवतात आणि गार होताच त्याच आकारात घट्ट होतो. अंगठ्याच्या मुळाशी झीज असेल तर कामापुरता छोटा, सूज असेल तर रात्री मनगट-बोटांना विसावा देणारा मोठा. सतत बांधून ठेवला तर सांधा आखडतो, म्हणून वेळ ठरवून देतात, जोडीला व्यायामही.

या सगळ्यानं आजार बरा होत नाही. आमवातासारख्या संधिवातात औषधं घ्यावीच लागतात. व्यवसायोपचार काम हातून सुटू देत नाही, एवढंच. पण ज्याचं सुटत चाललंय त्याला ते पुष्कळ असतं.

सगळ्यात अवघड सल्ला मात्र फुकटचा असतो: दुखायच्या आधी थांबा, भाजी बसून चिरा. त्यासाठी ओट्याशी एक उंच स्टूल लागतं, आणि त्यावर बसलेल्या बाईला आळशी न म्हणणारं घर.