लळिंग कटला

सकाळी साडेआठला कळंबोलीच्या ऑफिसात आले की मी आधी कॉम्प्युटर लावते आणि मग देवाला उदबत्ती. क्रम उलटा हवा, हे मलाही कळतं. पण बँकेचं स्टेटमेंट उतरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात उदबत्ती लावून होते.

आमच्या शेठच्या तेवीस गाड्या आहेत. पाच सहाचाकी, आठ दहाचाकी, बाकीच्या बाराचाकी. लोखंड भरून निघतात, बहुतेक नाशिकमार्गे इंदूरकडे, काही पुणे-कोल्हापूरच्या बाजूला. रात्रभरात त्या कुठल्या नाक्यांवरून गेल्या ते स्टेटमेंटमध्ये ओळीने लागलेलं असतं : तारीख, वेळ, नाका, लेन, गाडी नंबर, रक्कम. पोथीसारखं रोज वाचायचं आणि पोथीत नसते ती चूक शोधायची, हे माझं काम. पगार हिशेबनीस म्हणून मिळतो. ड्रायव्हर मंडळी मात्र ‘टॅगवाल्या ताई’ म्हणतात.

मी इथे लागले तेव्हा टोलचा हिशेब पिशवीतून यायचा. ड्रायव्हर निघताना रोख खर्ची घेऊन जायचा आणि परत आला की टोलच्या पावत्यांचं बंडल टेबलावर ठेवायचा. निम्म्या पावत्यांची शाई केबिनच्या उन्हात उडालेली, काहींना तंबाखूचा वास, एखादी घामाने भिजून दुसरीला चिकटलेली. कोऱ्या पडलेल्या कागदावर रक्कम किती होती हे ड्रायव्हरच्या तोंडावर विश्वास ठेवून लिहायचं. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या सगळ्या लेनवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि ती पिशवी बंद पडली. आमच्या राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे नाके १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण फास्टॅगवर गेले. आता नोंद माणूस करत नाही, रस्ताच करतो. शेठला वाटलं होतं, हिशेबनिसाचं अर्धं काम गेलं. काम गेलं नाही, त्याची जागा बदलली.

टॅग म्हणजे काय, ते एकदा हातात घेऊन बघावं. कागदाएवढी जाड पट्टी, आत तारेची बारीक नक्षी आणि मध्ये मोहरीएवढी चिप. बॅटरी नाही. नाक्यावरच्या अँटेनाच्या लहरी पडल्या की त्यांच्याच जोरावर ती चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. चोवीस अक्षरी क्रमांक, सुरुवात नेहमीची : ३४१६१ एफए ८२०. बाहेरच्या बाजूला बारकोडखाली वेगळा क्रमांक छापलेला असतो, तीन तुकड्यांत, मध्ये आडव्या रेघा. पहिले सहा आकडे बघितले की टॅग कुठल्या बँकेचा ते कळतं. रंगही ठरलेले : मोटारीचा जांभळा, आमच्या बाराचाकीचा गुलाबी. आमच्या धंद्यात सगळे चाकं मोजतात, टोल मात्र आस मोजतो. दहाचाकीला तीन आस, बाराचाकीला चार. एका आसाच्या फरकाने टॅगचा वर्ग बदलतो आणि पैसेही.

आता यातली गोम. चिप फक्त स्वतःचा क्रमांक सांगते. ती ट्रकच्या काचेवर आहे की कुणाच्या खिशात, हे तिला ठाऊक नसतं. हा क्रमांक म्हणजे अमुक नंबरची गाडी, तमुक वर्ग, फलाणी बँक ही सांगड राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नोंदवहीत असते. नाका तिथे विचारतो आणि मग बँक आमचे पैसे कापते. म्हणजे टॅग ही नुसती खूण, गाडी कुठली हे कुणीतरी लिहून ठेवलेलं. लिहिणारा चुकला किंवा टॅग जागचा हलला की नोंद खोटी बोलायला लागते, आणि तीही अगदी सेकंदासकट. मोटारीचा टॅग लावून ट्रक पळवणारे निघाले, म्हणून तर आता गाडीचे फोटो मागतात. टॅग काचेला न चिकटवता हातात धरून दाखवणाऱ्यांना काळ्या यादीत टाकायचं, असंही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं.

आमच्याकडे टॅग जागचा हलला तो कसाऱ्याच्या घाटात. पुढच्या गाडीच्या चाकातून दगड उडाला आणि काच गेली. ड्रायव्हरने नाशिकला आडगाव नाक्याला नवी काच बसवली. काचवाला हुशार. त्याने जुन्या काचेवरचा टॅग ब्लेडने सोडवला आणि नव्या काचेवर डिंक लावून बसवला. बघणाऱ्याला वाटावं, कंपनीतूनच आलाय. पण हे टॅग काढले की आतून तुटावेत असेच बनवलेले असतात. पुढच्या नाक्यावर गाडी उभी, मागे भोंगे, ड्रायव्हर फोनवर : “ताई, टॅग जाग्यावर आहे, पण मशीन ऐकत नाय.”

१५ नोव्हेंबर २०२५ पासून नियम आला होता की वैध टॅग नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल द्यायचा. मी म्हटलं, “रोख देऊ नका दादा, फोनवरून भरा, मी पैसे टाकते.” तेवढ्या वेळात मागच्या लोकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असणार.

मग नवा टॅग. एका गाडीला एकच टॅग, त्यामुळे आधी जुना बंद करायचा. आरसी बुकाच्या दोन्ही बाजू, पुढून फोटो, बाजूने फोटो. बाजूच्या फोटोत सगळी चाकं दिसली पाहिजेत, त्यावरून आस मोजतात. ड्रायव्हरने पहिला फोटो पाठवला त्यात बंपरवर पाय ठेवून, गॉगल लावून तो स्वतः उभा, आणि नंबरप्लेट त्याच्या पँटमागे. दुसऱ्यात मागची दोन चाकं चहाच्या टपरीने खाल्लेली. चौथा फोटो चालला. तेव्हापासून आमच्या गाड्यांच्या केबिनमध्ये एक कागद चिकटवलाय : काच फुटली की आधी ऑफिसला फोन, मग काचवाल्याला.

चुकीची दुसरी जात जास्त त्रासाची. एका सोमवारी स्टेटमेंटमध्ये ४७१३ नंबरच्या गाडीला तीनेकशे किलोमीटरवरच्या एका नाक्यावर टोल लागलेला दिसला. वेळ पहाटे ३ वाजून १२ मिनिटं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. ४७१३ समोरच उभी होती, गिअरबॉक्स खाली उतरवलेला, मिस्त्री गाडीखाली आडवा. शनिवारपासून ती जागची हलली नव्हती.

एखाद्या गाडीचा टॅग वाचला गेला नाही की लेनवरचा माणूस गाडीचा नंबर हाताने टाकून टोल कापू शकतो. तिथे आकडा इकडचा तिकडे झाला की पैसे भलत्याच्या खात्यातून जातात. मी बँकेकडे तक्रार टाकली. सोबत गॅरेजचं जॉबकार्ड, जीपीएसचा नकाशा आणि गिअरबॉक्स उतरवलेल्या गाडीचा त्या दिवशीच्या वर्तमानपत्रासकट काढलेला फोटो जोडला. शेठ हसले, “खंडणीची केस आहे का?” पण समोरच्याने एकच प्रश्न विचारायचा असतो : तुमची गाडी तिथे नव्हती कशावरून? ‘होती’ म्हणायला मशीनची एक ओळ पुरते. ‘नव्हती’ म्हणायला माझी अख्खी फाइल लागली. शेवटी लेनच्या कॅमेऱ्याचा फोटो आला. त्यात ४७३१ होती, रंगानेही वेगळी. पैसे परत आले. रक्कम मोठी नव्हती, पण ती ओळ तशीच राहिली असती तर आमची गाडी त्या रात्री तिथे होती, हे कायमचं खरं झालं असतं.

हे मी उगाच ताणत नाही. २०२१ पासून ई-वे बिल फास्टॅगला जोडलंय. माल कुठे निघाला आणि गाडी खरंच कुठल्या नाक्यावरून गेली, हे जीएसटीच्या अधिकाऱ्याला दिसतं. मला जो टोलखर्च, तो त्याच्यासाठी पुरावा.

सगळ्या गाड्यांना मिळून एकच खातं आहे. सोयीचं, पण रिकामं झालं तर तेवीसच्या तेवीस गाड्या एकदम अडकतात. फेब्रुवारी २०२५ पासून नियम असा की शिल्लक संपून टॅग नाक्यावर वाचण्याआधी तासाभराहून जास्त वेळ आणि वाचल्यानंतर दहा मिनिटं काळ्या यादीत असेल तर व्यवहार नाकारला जातो. म्हणून शिल्लक अमुक रकमेखाली आली की माझ्या फोनला वेगळी घंटी लावलीय. नवरा त्या घंटीला ‘सासूबाई’ म्हणतो. नातेवाइकांचे प्रश्न वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांचा, दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास आल्यापासून प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतं, पुण्याला जाताना द्रुतगती मार्गावर चालेल का? नाही चालत, तो राष्ट्रीय महामार्गांचा पास आहे, द्रुतगती मार्ग राज्याचा. आणि आमच्या ट्रकांना तर तो नाहीच, फक्त खासगी मोटारींना.

दुपारी ओळी ताळ्याला लागल्या की मी परतीचा टोल बघते. राष्ट्रीय महामार्गावर चोवीस तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आलं तर येताना निम्माच टोल लागतो. एखादी गाडी आज दुपारी २ वाजून १० मिनिटांनी जाते आणि उद्या २ वाजून २५ला परत येते. पंधरा मिनिटांत निम्मा टोल गेला. सुरुवातीला शेठ म्हणायचे, “फोन करून सांगत जा त्यांना, थोडं रेटा म्हणावं.” मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा पलीकडून ड्रायव्हरचा आवाज झोपेतून आल्यासारखा आला, आणि मागे इंजिन चालू होतं. त्याला म्हटलं, गाडी बाजूला घ्या आणि झोपा. शेठना सांगितलं, ही बचत मी करणार नाही. ते काही बोलले नाहीत, पण पुन्हा विषयही काढला नाही.

ओळींमध्ये माणसं दिसतात ती अशी. इंदूरच्या वाटेवरचे नाके मला आता पाढ्यासारखे येतात : पडघ्याजवळचा अर्जुनाली, घोटी, पिंपळगाव बसवंत, चांदवड, लळिंग, सोनगीर, शिरपूर. घोटी ते पिंपळगाव, भरली गाडी असली तरी दोन-अडीच तासांत होतं. एका ड्रायव्हरला दर खेपेला सात तास लागायचे. विचारलं तर म्हणे, नाशकात जाम असतो. जाम दर मंगळवारीच कसा लागतो, हे मी विचारलं नाही. त्याचं गाव ओझरकडे आहे आणि घरी म्हातारी आई एकटी आहे, हे मला ठाऊक होतं. माल वेळेवर पोचत होता. ती ओळ मी ‘बरोबर’ची खूण करून पुढे सरकवली. काय तपासायचं आणि काय नुसतं बघून सोडायचं, हे स्टेटमेंट सांगत नाही.

एवढं सगळं कॉम्प्युटरवर असूनही मी एक लांबडी वही ठेवलीय. एका गाडीला एक पान. टॅगचा छापील क्रमांक, लावल्याची तारीख, कुणी लावला, बंद केला तर का. बंद झालेल्या टॅगचे तुकडे मिळाले तर तेही त्या पानावर चिकटवलेत. ४७१३ च्या पानावर टॅगचा तुकडा नाही, लेनच्या कॅमेऱ्यातल्या ४७३१ चा फोटो आहे. शेठ म्हणतात, ही कसली हौस? हौस नाही. यंत्राने लिहिलेलं यंत्रालाच विचारून पडताळता येत नाही, बाजूला दुसरं काहीतरी लागतं.

त्या वहीच्या पहिल्या पानावर ड्रायव्हरांच्या घरचे फोन नंबर आहेत. रात्री नऊ-साडेनऊनंतर त्यातला एखादा हमखास वाजतो. परवा ४७१३ गिअरबॉक्स बसवून पहिल्यांदा लांबच्या खेपेला निघाली होती. ड्रायव्हरचा फोन लागत नव्हता.

“ताई, झोपला होतात का? ह्यांचा फोन बंद येतोय दुपारपासून.”

मी फोन स्पीकरवर टाकून टोल कापल्याचे मेसेज वर सरकवले. चांदवड, ७ वाजून ५० मिनिटं. त्याच्या वर आणखी एक, नुकताच आलेला.

“वहिनी, आत्ता दहा मिनिटांपूर्वी लळिंग कटला. चार्जिंग संपलं असेल. धुळ्याला जेवायला थांबतील, तिथून करतील फोन.”

पलीकडे थोडा वेळ नुसता भांड्यांचा आवाज आला.

“लळिंग म्हणजे धुळ्याच्या अलीकडचं ना?”

“हो, अलीकडचंच.”

“बरं,” म्हणाल्या, “मग मी झाकपाक करते.”