जागल्या आणि पोल्ट्रीचं शेड

पांझरा नदी साक्री तालुक्यात उगम पावते, धुळे शहरातून जाते आणि मुडी-मांडळकडून वाहत अमळनेर तालुक्यातल्या नीमजवळ, कपिलेश्वराच्या संगमावर तापीला मिळते. या नदीवर धुळे जिल्ह्यात तीनशे-चारशे वर्षांपासून एक संस्था चालत आली आहे: फड. तिच्याकडे ना नोंदणीचा कागद होता, ना शिक्का. नदीत दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. कुठे ऊस, कुठे गहू-हरभरा, कुठे बाजरी, हे शेतकऱ्यांचे पंच ठरवणार. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड सरळ पडीक ठेवायचा. तोटा सगळ्यांचा सारखा, कारण बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असायचा.

पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. शेतमालकाने स्वतः दार उघडायचं नाही. हा नियम मला फडाचा कणा वाटतो. पाटकऱ्याचा मोबदला धान्यात. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस हवा, नाही आला तर दंड. आणि जागल्या. उभ्या पिकाची राखण करायची, चरायला सुटलेली गुरं फडात शिरू द्यायची नाहीत, हे त्याचं काम. गुरं कोणाची, हे गावाला ठाऊक असे, त्यामुळे नुकसानीचा जाब विचारायलाही माणूस सापडायचा. गुराढोरांचा आणि पाण्याचा हिशेब एकाच पंचांपुढे होत असे.

पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, बंधाऱ्यांना येणारं पाणी बदललं. बरेच फड मोडले, काही तग धरून आहेत. 2005 साली महाराष्ट्राने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी मिळू लागलं. चांगलाच कायदा. पण पाणीवापर संस्था मोजते ते पाणी किती. कसं आहे, हे सहसा विचारत नाही. फडाच्या काळात तो प्रश्नच नव्हता. आता आहे, कारण नाल्याकाठी पोल्ट्रीची शेडं आली.

पोल्ट्रीचा धोका खानदेशाने जवळून पाहिला आहे. 18 फेब्रुवारी 2006 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. कोंबड्यांमधली देशातली ती पहिली साथ. तीन किलोमीटरच्या टापूतल्या कोंबड्या मारायचा हुकूम निघाला, लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या गेल्या. महिन्याभरात जळगाव जिल्ह्यातल्या हातेड, मारुळ, सावदा अशा गावांतल्या परसातल्या कोंबड्यांतही रोग सापडला. 2021 मध्ये नवापुरात पुन्हा तेच.

साथ बातमीत येते, रोजची विष्ठा येत नाही. अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम ओली विष्ठा टाकते. पन्नास हजार कोंबड्यांचं शेड म्हणजे रोज पाच टन. वाळवून शेतात पांगवलं तर हे खत सोनं. कापूस आणि केळीवाले ते पैसे मोजून नेतात. नाल्याच्या काठावर ढीग पडून राहिला आणि मृगाचा पाऊस झाला, की त्यातलं नत्र-स्फुरद नाल्यातून तळ्यात उतरतं. तळ्यात शेवाळ माजतं, मासे मरतात, विहिरीत नायट्रेट वाढतं. शेडवाल्यावर मी राग धरत नाही. अवर्षणाच्या मुलखात बँकेचं कर्ज काढून जोडधंदा करणारा तो बहुधा शेतकरीच असतो.

कायदा अगदीच मुका नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नियम बदलले. त्यानुसार एका जागी पाच हजारांहून जास्त पक्षी असले तर जल आणि वायू कायद्याखाली संमतिपत्र लागतं. आधीच्या 2015 च्या सूचनांत ही मर्यादा एक लाखाची होती, म्हणजे जवळजवळ सगळेच सुटत. शेड वस्तीपासून 500 मीटर आणि नदी, तलाव, कालवा, पिण्याची विहीर यांपासून 100 मीटर दूर हवं. पण हे अंतर टेप लावून मोजणार कोण? मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय जळगावात, ढीग गावच्या नाल्यावर. जागल्या नेमका इथेच हवा होता.

अमळनेर शहर तापीचं पाणी पितं, आणि बोरी नदी काय, पांझरा काय, दोन्ही तापीलाच जातात. तेव्हा पाणीवापर संस्थांच्या सभासदांना एवढंच सांगणं: गावात शेडचा प्रस्ताव आला की ग्रामसभेत पक्षी किती, नाल्यापासून अंतर किती आणि विष्ठा पावसाळ्यात कुठे ठेवणार, हे विचारा, उत्तर ठरावात लिहून घ्या, आणि संमतिपत्राची प्रत संस्थेच्या दप्तरी ठेवा.