हरिहरला येताना

नाशिकजवळच्या हरिहर गडाच्या उभ्या कातळपायऱ्या चढताना दोन्ही हात खोबणीत घालावे लागतात. म्हणून हातात पिशवी, बाटली, मोबाइल काहीच नको. सगळे पाठीवरच्या सॅकमध्ये. ओढणी नको, जीन्सही नको. भिजली की गुडघा वाकत नाही. बूट खाचदार तळाचे, रोज वापरातले. कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या बुटांचा डिंक सुकतो. मागच्या खेपेस आमच्यातल्या एकाचा तळ ऐन पायऱ्यांवर सुटला, पंचाने बांधून त्याला उतरवले. तेव्हापासून सॅकमध्ये सुतळी असतेच.

पाणी माणशी तीन लिटर, दशम्या, गूळ-शेंगदाणे, टोपी. बडोद्याच्या सवयीने डबे मात्र भरू नका, वजन आपल्यालाच वाहायचे आहे! उतरताना तोंड कातळाकडे. पायऱ्या निसरड्या दिसल्या तर आम्ही खालूनच परतणार, मुले रुसली तरी.