बालेकिल्ला की अटीतटीचा तालुका? सांगोल्याच्या मतदानाचा अर्थ

सोलापूर जिल्ह्याच्या नैऋत्येला, माण नदीच्या दुष्काळी खोऱ्यात वसलेले सांगोला हे 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 34 हजार वस्तीचे गाव. महाराष्ट्राला ते ठाऊक आहे गणपतराव देशमुखांमुळे. 1962 ते 2014 या काळात अकरा वेळा ते इथून आमदार झाले आणि तेही शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) लाल बावट्याखाली. राज्यात शेकाप रायगड आणि मोजक्या तालुक्यांपुरता उरला, तरी सांगोल्यात तो टिकला. त्यामुळे ‘शेकापचा बालेकिल्ला’ हे बिरूद या तालुक्याला कायमचे चिकटले. निकाल बारकाईने वाचले, की हे बिरूद अपुरे पडते. सांगोला कधीच एका पक्षाला वाहिलेला नव्हता. तिथे तुल्यबळ दोन बाजू आहेत आणि त्यांच्यातला फैसला बहुतेक वेळा तिसऱ्या गटाची भूमिका करते.

याचा पहिला पुरावा पराभवांत सापडतो. 1972 मध्ये गणपतराव हरले. 1995 मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या 192 मतांनी हरवले. 2019 मध्ये वयोमानामुळे ते रिंगणाबाहेर राहिले, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शिवसेनेच्या तिकिटावर उभे असलेले तेच शहाजीबापू 768 मतांनी जिंकले. दोघांनाही 98 ते 99 हजारांच्या घरात मते होती. बालेकिल्ला म्हणवणाऱ्या मतदारसंघात जय-पराजय शेकड्यांत मोजावा लागत असेल, तर जवळपास निम्मा तालुका लाल बावट्याच्या विरोधात आहे, हे मान्य करावेच लागते. ही विरोधी मते काँग्रेसकडे होती, पुढे शिवसेनेकडे गेली. चिन्ह बदलले तरी नेता आणि गट तोच राहिला.

यावर पहिला आक्षेप जातीचा. तालुक्यात धनगर समाज मोठा आहे, गणपतराव त्याच समाजातले होते, म्हणून ते निवडून येत, हे उत्तर वरवर पटणारे आहे. जातीचा आधार नाकारण्याचे कारण नाही. मात्र समाजाची संख्या एका निवडणुकीपासून दुसरीपर्यंत फारशी बदलत नाही. निकाल मात्र 1990, 1995 आणि 1999 मध्ये आलटून पालटून लागले. जात पाया देते, बहुमत बाहेरून जोडावे लागते.

ही जोडणी पाण्यावर झाली. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने 1993 पासून आटपाडीत भरलेल्या पाणी परिषदांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे ही मागणी लावून धरली. गणपतराव त्या लढ्यात पुढे होते. तोंडी आश्वासनापेक्षा हा वेगळा व्यवहार होता. पाण्याच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे मोर्चे, परिषदा आणि विधानसभेतली भाषणे सुरू राहिली, म्हणून जातीबाहेरचा शेतकरीही त्यांच्यामागे उभा राहिला. शिवाय पिकाचाही वाटा आहे. शेजारच्या माळशिरस-पंढरपूरच्या ऊसपट्ट्यात शेतकऱ्याची नोंद कारखान्यात असते. तोडणीची टोळी उशिरा आली, तर उसाचे वजन घटते, वर्षाचे गणित बिघडते. त्यामुळे कारखान्याच्या अध्यक्षाला दुखावणे परवडत नाही. सांगोल्याचा शेतकरी डाळिंब पिकवतो आणि बाजारात विकतो. एकाच संस्थेच्या तोंडाकडे बघण्याची वेळ त्याच्यावर तितकी येत नाही. विरोधात मत देण्याची मोकळीक त्याला जास्त आहे, असे मला वाटते. इथल्या अटीतटीच्या लढतींचे एक कारण हेच असावे.

दुसरा आक्षेप 2024 च्या निकालाचा. गणपतरावांच्या निधनानंतर तीन वर्षांनी त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांहून अधिक मतांनी जिंकले आणि विधानसभेतले शेकापचे एकमेव आमदार झाले. मग बालेकिल्ला खराच नाही का? मतांची विभागणी पाहा. बाबासाहेबांना सुमारे 1 लाख 16 हजार, शहाजीबापूंना सुमारे 91 हजार आणि शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या दीपक साळुंखेंना सुमारे 51 हजार मते पडली. 2019 मध्ये साळुंखे शहाजीबापूंच्या पाठीशी होते, या वेळी स्वतः उभे राहिले. म्हणजे शेकापची मते वाढली हे खरे असले, तरी निर्णायक आघाडी समोरची मोट सुटल्यामुळे मिळाली. तिघांच्या मतांत विजेत्याचा वाटा निम्म्याहून कमीच भरतो. घराण्याच्या नावानेही हा निकाल उलगडत नाही. आडनाव 2019 मध्येही देशमुखच होते.

सांगोल्याकडून घ्यायचा धडा असा, की तालुक्याचा कल आमदाराच्या पक्षावरून ठरवू नये. दुसऱ्या क्रमांकाची मते, फरक आणि तिसऱ्याची भूमिका मांडल्याशिवाय ‘अमुक तालुका अमुक पक्षाचा’ हे विधान अर्धवट राहते आणि हरलेल्या निम्म्या मतदारांचे म्हणणे त्यात पुसले जाते. निवडणूक आयोग दर निवडणुकीनंतर नमुना 20 मध्ये प्रत्येक मतदान केंद्राचे उमेदवारवार आकडे जाहीर करतो. पत्रकारांनी, अभ्यासकांनी आणि जाणत्या वाचकांनी आपापल्या तालुक्याचा तो तक्ता काढून गावागणिक वाचावा. तालुक्याला बालेकिल्ला म्हणायचे की नाही, ते त्यानंतर ठरवावे.