प्रमाण मागणारे पुणे

नारायण पेठेतला गायकवाड वाडा टिळकांनी १९०५ साली विकत घेतला. मंडालेहून सुटून आल्यावर, जून १९१५ मध्ये, याच वाड्यात राहून त्यांनी ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध केले. लोकांची झुंबड उडाली ती कर्मयोगासाठी. मुख्य प्रकरणांनंतर ‘गीता-बहिरंगपरीक्षण’ नावाचे जाडजूड परिशिष्ट आहे आणि त्याचा सातवा भाग गीता व ख्रिस्ती बायबल यांच्याबद्दल आहे. तिथवर पोचणारे तेव्हाही थोडेच असणार. पण ख्रिस्ती श्रद्धा बुद्धीला पटते का, ही चौकशी पुण्यामुंबईत सत्तर-पाऊणशे वर्षे चालली होती. तिचे शेवटचे मोठे कागद मला याच पानांत सापडतात. आणि ही चौकशी फसली कुठे, तेही इथेच दिसते.

सुरुवात मिशनऱ्यांनी केली, तीही विज्ञान हाताशी धरून. १८४२ साली अहमदनगरहून अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ निघाले, तेव्हा त्यात येशूच्या शेजारी खगोल, भूगोल आणि वाफेचे यंत्र बसले होते. हिशेब सरळ होता: ग्रहणाचे कारण कळले की राहू-केतू जातील, नकाशा पाहिला की क्षीरसागर जाईल आणि रिकाम्या जागी बायबल येईल. पण ज्या पोराला नकाशात क्षीरसागर शोधायला शिकवले, ते पोर उद्या बायबलातल्या यहोशवाने सूर्य कसा थांबवला हे विचारणारच. १८५७ साली मुंबईच्या चौपाटीवर विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मिशनऱ्यांना जाहीर वादात गाठले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी टॉमस पेन वाचला आणि निर्मिक तेवढा ठेवून बाकीच्या ग्रंथप्रामाण्याला रजा दिली. प्रार्थना समाजाने १८६७ पासून एकच देव आणि प्रार्थना राखली. अवतार, चमत्कार आणि अचूक ग्रंथ या तिन्हींना बाजूला ठेवले. आगरकरांनी ‘सुधारका’त देवांची उत्पत्तीच माणसाच्या भीतीत आणि अज्ञानात शोधली, तेव्हा कुठल्या धर्माचा देव हा प्रश्नच उरला नाही.

हे सगळे बाहेरून विचारणारे. माझ्या मते खरी कसोटी लागली ती आत गेलेल्यांकडून.

नीलकंठशास्त्री गोरे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. ख्रिस्ती मताचे खंडन करायला बसले आणि १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. ‘षड्दर्शनदर्पणा’त त्यांनी सहाही दर्शने शास्त्री पद्धतीनेच उलगडून तपासली. ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाला त्यांचा सवाल बोचरा होता: जो दयाळू, पवित्र, एकमेव देव तुम्ही बुद्धीचे देणे म्हणून सांगता, तो निव्वळ बुद्धीने कोणाला सापडला आहे? तो तुम्ही बायबलमधून उसना घेतलात आणि पावती मात्र दिली नाहीत. गंमत अशी की दुसऱ्यांना निरुत्तर करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या शंकांनी जन्मभर सोडले नाही. चरित्रकारांनी हे झाकलेले नाही, ते बरे झाले.

पंडिता रमाबाईंवर गोऱ्यांच्या युक्तिवादाचा मोठा परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तिथल्या मठातल्या भगिनींना वाटले की प्रश्न संपले. संपले कसले, तिथे ते सुरू झाले. सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई त्रैक्य म्हणजे नेमके काय ते विचारतात, येशूचा जन्म कुमारिकेच्या पोटी झाला यावर अडतात आणि चर्च सांगते म्हणून मानायला नकार देतात. ब्राह्मणांच्या पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटलेली बाई दुसऱ्या पुरोहितांपुढे मान तुकवायला तयार नव्हती. देव तिला हवा होता, पण स्वतःच्या विवेकाच्या परवानगीने. ही पत्रे १९७७ मध्ये छापली गेली. ती वाचताना आगरकरांपेक्षाही कडक परीक्षक समोर बसल्यासारखा वाटतो, कारण या परीक्षकाला उत्तर मनापासून हवे आहे. पुढे १९०५ मध्ये त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनात मुली भारावून प्रार्थनेत रडू लागल्या आणि बाईंनी तेही स्वीकारले. तर्क सोडला म्हणावे, तर त्याच बाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या आणि १९२२ साली मरेपर्यंत बसून राहिल्या.

पेठांनी मात्र यातले काय ऐकले? १८९० साली पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी गेली. पुढ्यात चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशांनी नावे छापून दिली आणि गाव प्रायश्चित्तावर भांडत बसले. त्रैक्याचा विषय कोणी काढला नाही, कपाचा काढला. रमाबाईंच्या शारदासदनाच्या वादातही मुद्दा मुली बाटतात की नाही एवढाच राहिला.

म्हणून टिळकांच्या त्या परिशिष्टाकडून माझी अपेक्षा होती. कारण ग्रंथाच्या मुख्य प्रकरणांत हा माणूस कांट, ग्रीन, मिल्ल, स्पेन्सर यांच्याशी बरोबरीने बोलतो आणि डार्विन-हेकेलची उत्क्रांती सांख्यांच्या शेजारी ठेवून पाहतो. बायबलपाशी आल्यावर मात्र प्रश्न बदलतो. लॉरिन्सर या जर्मन पंडिताने १८६९ मध्ये गीतेने नव्या करारातून उचल केल्याचा दावा करून शंभरावर स्थळे दाखवली होती. टिळक ती उलटवतात: गीता ख्रिस्ताच्या कितीतरी आधीची, तेव्हा घेतलेच असेल तर बौद्ध भिक्षू आणि यहुद्यांतला एसी पंथ यांच्या वाटेने तिकडच्यांनी घेतले असेल. कालनिर्णयाचा भाग चोख आहे, एसी पंथाची वाट आजच्या अभ्यासकांना कच्ची वाटते. पण खरे नुकसान वेगळेच. हे खरे आहे का, या प्रश्नाची जागा हे आधी कोणाचे, या प्रश्नाने घेतली.

त्यानंतरची वर्षे भराभर सांगता येतात. मॅथ्यू लेडर्ले या जर्मन जेझुइटाने शनिवार पेठेत स्नेहसदन चालवले आणि आधुनिक महाराष्ट्राच्या तत्त्वविचारावर १९७६ मध्ये ग्रंथ लिहिला. इथल्या माणसांना आधी नीट वाचावे, अशी ती रीत होती. पुण्यातच जयंत नारळीकरांनी महास्फोटाच्या सिद्धान्ताला अखेरपर्यंत हरकत घेतली. तो सिद्धान्त मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू. नारळीकरांचे गुरू हॉइल यांना त्यात बायबलमधल्या उत्पत्तीचा वास येई. पण १९५१ मध्ये पोपनी तसा संबंध जोडला तेव्हा खुद्द लमेत्रनाच तो रुचला नाही. विश्वाचा आरंभ हे भौतिकशास्त्राचे काम, त्यात देवाची साक्ष काढू नये, हे त्या धर्मगुरूचे मत.

माझ्या दृष्टीने अवघड जागा विश्वोत्पत्तीची नाहीच. एक मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, हा इतिहासातला दावा आहे. त्याला प्रयोगशाळा नाही, साक्षी आहेत, आणि साक्षी तपासायची पद्धत आपल्याकडे नैयायिकांपासून आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले. ‘सुबोध बायबल’ त्यांनी मराठीत सिद्ध केलेले, मराठी वाचकांच्या घरात पोचलेले. विरोध झाला तो धर्मगुरू अध्यक्ष कसा आणि धर्मांतराचे काय, यावरून. ‘फादर, तो खरोखर उठला होता का?’ असे कोणी त्यांना जाहीरपणे विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.